मुलांच्या अंगणात शाळा नेणाऱ्या ताराबाई मोडक

मुले शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, ही तक्रार शिक्षकांच्या सभांतून वारंवार ऐकू येते. दोष बहुधा पालकांच्या अनास्थेला दिला जातो आणि सभा संपते. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी मात्र असा दोष आधी शाळेच्या कार्यपद्धतीत शोधला. आपल्या शाळांतील शिक्षक, व्यवस्थापक आणि पालक यांनी त्यांचे जीवन या दृष्टीने अवश्य अभ्यासावे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते असल्याने घरातील वातावरण सुधारकी होते. मुलींच्या शिक्षणाला समाजाचा विरोध असलेल्या त्या काळात, 1914 साली, ताराबाईंनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली. विवाहानंतर काही काळ त्यांचे वास्तव्य अमरावतीस होते. पुढे संसाराची वाट बिकट झाली. तेव्हा त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि राजकोट येथील स्त्री-शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या.

तेथील मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. इटलीच्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांचा तेथे प्रयोग चालू होता. मुलाला शिकविण्यापूर्वी त्याचे निरीक्षण करावे, त्याला काय जमते व तो कोठे अडतो हे पाहावे आणि त्यानुसार आपली पद्धत बदलावी, ही दृष्टी ताराबाईंना तेथे लाभली. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या शिक्षणपत्रिकेद्वारे त्यांनी हे विचार मराठी घरांत पोहोचविले. 1936 साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षकांचे प्रशिक्षणही चाले. कारण एकटी शिक्षिका कितीही गुणी असली तरी तिच्या माघारी काम थांबते, हे त्या जाणून होत्या.

शिशुविहाराची कीर्ती झाली. पण तेथे येणारी मुले शहरातील सुखवस्तू घरांची होती. माँटेसरीची साधने महाग, गरिबांना न परवडणारी. हे शिक्षण खेड्यातील मुलाला मिळणार की नाही, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. म्हणून वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, 1945 साली, त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या व अखेरपर्यंत सोबत राहिल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. पण दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. अस्पृश्यतेचे दडपण होते, घरकाम होते, अंगावर धड कपडे नव्हते. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत गेल्या. मुलांना न्हाऊमाखू घालून तिथल्याच अंगणात त्यांनी गाणी, गोष्टी व खेळ सुरू केले. अशा रीतीने अंगणवाडी जन्मास आली. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे, बिया व पाने यांनी घेतली.

1957 साली कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांची अडचण निराळी होती. काही मुले गुरे राखीत, तर काही धाकट्या भावंडांना सांभाळीत. म्हणून गुरे चरतात त्या माळावर कुरणशाळा भरली, तर भावंडांसाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र जोडून विकासवाडी उभी राहिली.

बोर्डीतील प्रयोग बाळसे धरीत असतानाच, 1950 साली, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग जपानमधील उद्योगांना गुणवत्तेचे धडे देत होते. योजना आखावी, ती थोड्या प्रमाणात करून पाहावी, परिणाम तपासावा, सुधारणा करावी आणि पुन्हा आरंभ करावा, हे ते चक्र होय. जपानने सतत सुधारणेच्या या विचाराला कायझेन म्हटले. पुढे अनेक देशांत शाळांतील शिक्षकांच्या गटांना याच पद्धतीचे प्रशिक्षण देण्यात आले. ताराबाईंनी ती पद्धत डेमिंगकडून घेतली नव्हती; मुलांकडे पाहता पाहता त्या स्वतंत्रपणे त्याच वाटेवर आल्या होत्या. बालमंदिराच्या उणिवेतून ग्राम बालशिक्षा, तिच्या उणिवेतून अंगणवाडी आणि तिच्याही पुढे कुरणशाळा असा हा क्रम आहे. केलेल्या कामातील उणीव त्यांनी कधी लपविली नाही; तिलाच त्यांनी पुढच्या पावलाचा आरंभ मानले.

1962 साली पद्मभूषण देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचे निधन झाले. परंतु काम थांबले नाही, कारण ते पुढे नेणारी माणसे त्यांनी घडविली होती. अनुताईंनी 1992 पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, ही धुरा वाहिली. केंद्र सरकारने 1975 साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

आपल्या शाळांतही निकाल लागतात, सभा होतात, अहवाल लिहिले जातात. त्या सभेत सर्व शिक्षकांनी मिळून एवढेच विचारावे: कोणते मूल मागे राहिले, आपल्या पद्धतीतील कोणत्या गोष्टीमुळे राहिले आणि येत्या महिन्यात आपण काय बदलून पाहणार? पुढील महिन्याची सभा त्याच प्रश्नाने सुरू झाली, तर ताराबाईंचे खरे स्मरण घडेल.