ज्या मंडईला जोतीरावांचे नाव, त्या मंडईला त्यांचा विरोध का होता?

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील आठ कोनांच्या मनोऱ्याची मंडई सर्वांना माहीत आहे. पहाटे टेम्पो लागतात, हमालांची धावपळ सुरू होते, गाळ्यांवर भाजी रचली जाते. कमानीवर महात्मा फुले यांचे नाव आहे. २८ नोव्हेंबरला जोतीरावांच्या स्मृतिदिनी आपण समता भूमीवर अभिवादनाला जातो, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण याच मंडईवरून पुढे जातात. पण ही मंडई बांधण्याचा विषय नगरपालिकेत आला तेव्हा जोतीरावांनी त्या खर्चाला विरोध केला होता, हे आपल्या किती तरुणांना ठाऊक आहे?

भाजीपाल्याच्या बाजाराला विरोध करणारा हा माणूस स्वतः माळ्याच्या घरातला होता. गोऱ्हे हे मूळ आडनाव. पेशवाईत फुले पुरवण्याचे काम घराण्याकडे आले आणि लोक फुले म्हणू लागले. १८२७ साली जन्मलेल्या जोतीरावांची आई चिमणाबाई ते वर्षाचे होण्याआधीच वारली. सगुणाबाईंनी त्यांना वाढवले. प्राथमिक शाळा मध्येच सुटली आणि मुलगा वडिलांबरोबर मळ्यात राबू लागला. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा नाव घातले गेले. म्हणजे जोतीरावांच्या हाताला आधी माती लागली, इंग्रजी पुस्तक नंतर आले. हा क्रम लक्षात ठेवला की त्यांचे पुढचे आयुष्य नीट समजते.

१८४८ साली भिडे वाड्यातील मुलींची शाळा, १८४९ साली वडिलांनी घराबाहेर काढणे, उस्मान शेख यांनी दिलेला आसरा, हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो. घर चालवण्यासाठी जोतीरावांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. समाजकार्याचा पैसा त्यांनी देणगीच्या पेटीतून उभा केला नाही. त्यांनी बांधकामाचे ठेके घेतले. येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध होता. सोन्याचे दागिने घडवण्यासाठी लागणाऱ्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती. मांजरीला कालव्याच्या पाण्यावर त्यांची शेती होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचा सदस्य अशीच करून दिली. घामाच्या कमाईतून संसारही चालला आणि चळवळही.

तो संसारही साधा नव्हता. मूल होत नाही म्हणून दुसरे लग्न करावे, असा आग्रह झाला. जोतीरावांनी सावित्रीमाईंवर सवत आणायला साफ नकार दिला. १८६३ साली त्यांच्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू झाले. तिथे आलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा पुढे त्यांनी दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवले, शिकवून डॉक्टर केले. १८८७ साली मृत्युपत्र करून त्याला वारस ठरवले. जातीबाहेरचे मूल आपले म्हणायला आजही किती घरे तयार होतील?

आता पाणी आणि अन्न. आज आपण अन्नसुरक्षा म्हणतो तेव्हा भेसळ, परवाना, तपासणी असे शब्द डोळ्यांसमोर येतात. जोतीरावांच्या काळात अस्पृश्यांच्या बाबतीत प्रश्न त्याही आधीचा होता. स्वच्छ पाण्याला हात लावायचीच बंदी होती. ज्या माणसाला चांगल्या पाणवठ्यावर जाता येत नाही तो मिळेल ते पाणी पितो आणि आजारी पडतो. १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्यानंतर ५९ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर जोतीरावांना गुरू मानले, १९४६ सालचा शूद्रांवरील ग्रंथ त्यांना अर्पण केला. गंज पेठेचा हौद आणि महाडचे तळे ही एकाच लढाईची दोन ठिकाणे आहेत.

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. गुरे मेली, गावे ओस पडली, पोरे रस्त्यावर आली. सत्यशोधक समाजाला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. जोतीरावांनी धनकवडीला बालाश्रम काढून सुमारे एक हजार मुलांच्या जेवणाची सोय केली आणि मदतीसाठी लोकांना आवाहन केले. सावित्रीमाईही दुष्काळी भागात फिरत होत्या. भुकेल्या मुलाला आधी जेवण, मग बाकीचे सगळे, हा त्यांचा हिशेब होता.

याच काळात, १८७६ पासून सुमारे सहा वर्षे, जोतीराव पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. सरकारने नेमलेला माणूस सरकारची री ओढतो, असा आपला अनुभव. जोतीरावांनी उलटे केले. व्हाईसरॉयच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा ३२ सदस्यांपैकी एकट्या जोतीरावांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणासाठी वापरा, असे त्यांचे म्हणणे होते. १८८० साली शहरात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा त्यांनी लेखी हरकत घेतली. नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते आणि दुसरीकडे दारूचे दुकान घरेच्या घरे उद्ध्वस्त करते, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली.

मंडईचा विरोध याच धाग्यातला आहे. तेव्हा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरत असे. लाखांच्या घरात खर्च करून दगडी इमारत उभारायची आणि बहुजनांच्या मुलांच्या शाळांना मात्र पैसा नाही, हे त्यांना पटले नाही. हरी रावजी चिपळूणकरही त्यांच्या बरोबर होते. प्रस्ताव मंजूर झाला आणि १८८६ साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट सुरू झाले. जोतीराव हरले. पण १८८३ साली लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी शहरात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला जकात आणि दलाल कसे नागवतात ते मांडले होते. छप्पर मोठे झाले तरी पिकवणाऱ्याच्या घरची चूल पेटेलच असे नाही, हे मळ्यात राबलेल्या माणसाला कळत होते.

१८८८ च्या मे महिन्यात मुंबईत जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी पक्षाघाताने उजवी बाजू गेली, तर डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून काढले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीमाईंनी धरले. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला खांद्यावर घेऊन माई तिथे पोचल्या, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. या घरात सेवा भाषणापुरती नव्हती.

पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. गव्हर्नरचे नाव गेले आणि विरोध करणाऱ्याचे आले. पुण्यातच हमाल पंचायतीने कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण मिळावे म्हणून 'कष्टाची भाकर' सुरू केली. आम्हाला वाटते, मंडईच्या पाटीपेक्षा जोतीराव त्या ताटात अधिक दिसतात.

म्हणून तरुण मित्रांनो, या स्मृतिदिनी हार घालाच, पण तेवढ्यावर थांबू नका. आपल्या मागासवर्गीय वसतिगृहातील मुलांच्या ताटात काय वाढले जाते, ते जाऊन बघा. शाळेच्या पोषण आहारातील तांदूळ आणि डाळ हातात घेऊन बघा. वस्तीच्या नळाला येणारे पाणी तपासून घ्या. पालिकेच्या अंदाजपत्रकात सुशोभीकरणाला किती आणि शाळेला किती, हे माहिती अधिकारात मागा. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. बत्तीस जणांत एकटे पडलात तरी विचारा. ३२ जणांच्या सभेत जोतीरावही एकटेच होते.

क्रांतिबा जोतीरावांना विनम्र अभिवादन!

जय जोती! जय भीम!