एका इंजिनावरचा भरवसा

माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली. कर्जाच्या अर्जांवर होय-नाही लिहिणं हेच काम. त्यामुळेच असेल, चार्ल्स लिंडबर्ग म्हटलं की मला आधी विमान दिसत नाही, त्यासाठी काढलेलं कर्ज दिसतं.

१९२६ सालची गोष्ट. सेंट लुईसहून शिकागोला टपाल नेणारा हा चोवीस वर्षांचा वैमानिक. गाठीला दोन हजार डॉलर. न्यूयॉर्क ते पॅरिस न थांबता उडणाऱ्याला रेमंड ऑर्टेग यांनी १९१९ साली पंचवीस हजार डॉलरचं बक्षीस लावलं होतं. नामवंत मंडळी मोठमोठी विमानं घेऊन तयारीत होती. या पोराला मात्र एकच इंजिन हवं होतं आणि सोबतीला कुणीही नको होतं!

असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो बिनदिक्कत परत केला असता. सेंट लुईसचे बँकर हॅरल्ड बिक्सबी आणि त्यांचे मित्र हॅरी नाइट यांनी मात्र त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि पंधरा हजारांचं कर्ज उभं केलं.

ऐकण्यासारखंच होतं ते. तीन इंजिनं म्हणजे बिघडायला तीन जागा. वजन वाढलं की पेट्रोलही जास्त. सॅन दिएगोच्या रायन कंपनीने दोन महिन्यांत विमान बांधलं. मोठी टाकी वैमानिकाच्या पुढ्यातच, त्यामुळे समोरचं दिसायचं नाही. रेडिओ नाही, पॅराशूट नाही. वजन वाचवायला त्याने नकाशांच्या कडासुद्धा कापल्या.

आधीच्या प्रयत्नांत सहा जण गेले होते. २० मे १९२७च्या सकाळी, चिखलातून, साडेचारशे गॅलन पेट्रोल घेऊन तो उडाला. सगळं मोजलं होतं, झोप तेवढी मोजायची राहिली. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. धुकं, पंखांवर बर्फ, खाली काळा अटलांटिक आणि मिटू पाहणाऱ्या पापण्या. साडेतेहतीस तासांनी तो पॅरिसला उतरला, तेव्हा लाखभर माणसं त्याची वाट पाहत होती.

जमिनीवर मात्र त्याचे हिशोब चुकत गेले. १९३२ साली त्याच्या वीस महिन्यांच्या मुलाला घरातून पळवलं. खंडणी दिली, तरी हाती आला तो मृतदेह. १९३८ साली त्याने नाझींचं पदक स्वीकारलं आणि १९४१ साली भर सभेत ज्यूंवर दोषारोप केले. १९७४ साली तो हवाईत वारला. जर्मनीत त्याला आणखी तीन मुलं होती, हे २००३ साली डीएनए तपासणीतून जगाला कळलं.

मग बिक्सबींचं चुकलं का? मला तसं वाटत नाही. त्यांनी माणसाच्या साऱ्या आयुष्याची हमी घेतली नव्हती. त्याचा एक हिशोब तपासला होता आणि तो बरोबर निघाला.

फार वर्षांपूर्वी एक तरुण लेथ मशीनसाठी कर्ज मागायला आला होता. वहीत बारीक अक्षरात सगळे आकडे मांडून आणले होते त्याने. तारण अपुरं असल्याचा शेरा मारून मी अर्ज परत केला. ती वही मी उघडलीच नव्हती.