स्वामी रामानंद तीर्थ : अंबाजोगाईचे शिक्षक, मुक्तिसंग्रामाचे सेनानी

हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यू स्वामी रामानंद तीर्थ यांच्या कार्याचा एक महत्त्वाचा अध्याय बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे लिहिला गेला. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठातील शिक्षणानंतर त्यांनी ना. म. जोशी यांच्यासमवेत कामगार चळवळीत काम केले. पुढे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत ते शिक्षक झाले आणि तेथेच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली. १९३५ साली ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आले. त्या वेळी या गावाला मोमिनाबाद म्हणत.

निजामी राजवटीत परवानगीवाचून सभा घेता येत नसे. अशा काळात शाळा, वाचनालय आणि साहित्याचे व्यासपीठ हीच लोकजागृतीची साधने होती. बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या सहकाऱ्यांसह स्वामीजींनी विद्यार्थ्यांतून कार्यकर्ते घडविले. १९३७ साली परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. तेलुगू व कन्नड भाषकांच्या परिषदाही कार्यरत होत्या. या तिन्ही प्रवाहांना एकत्र आणणारी संघटना म्हणून स्टेट काँग्रेसची कल्पना पुढे आली. परंतु सप्टेंबर १९३८ मध्ये शासनाने तिच्यावर बंदी घातली.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि स्वामीजींनी कारावास पत्करला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदू महासभेचेही सत्याग्रह चालू होते. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी सर्व धर्मीयांची होती. ती एका धर्माची तक्रार ठरली असती, तर लढ्याचा पायाच डळमळला असता. डिसेंबरमध्ये महात्मा गांधींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह स्थगित झाला. अनेक कार्यकर्त्यांना हा निर्णय जड गेला. तथापि पुढील आठ वर्षे, बंदी असतानाही, संघटना टिकली.

जुलै १९४६ मध्ये बंदी उठली. तेव्हा संघटनेतच मवाळ आणि जहाल असे दोन तट होते. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत स्वामीजी अल्प मताधिक्याने विजयी झाले. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील व्हा या मागणीचा दिन पाळण्यात आला. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र होत असताना स्वामीजींना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली व संस्थान मुक्त झाले.

त्यानंतर स्वामीजींनी मंत्रिपदाच्या मागे न लागता भाषावार प्रांतरचनेचा आग्रह धरला. गुलबर्गा व औरंगाबाद येथून ते लोकसभेवर निवडून गेले. १९५६ साली हैदराबाद राज्याचे भाषेनुसार विभाजन झाले आणि मराठवाडा मराठी मुलुखाशी जोडला गेला.

२२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि नांदेडचे विद्यापीठ आज त्यांचे नाव धारण करतात. संघटना मतभेदांनी मोडत नाही. ध्येय संकुचित झाले की मोडते, ही त्यांच्या जीवनाची शिकवण प्रत्येक संस्थेने जपण्यासारखी आहे. या त्यागी लोकसेवकास विनम्र अभिवादन!