टिटवाळ्याची परिषद अन् गोदूताई परुळेकर
टिटवाळा म्हटलं की गणपती आठवतो. पण जानेवारी १९४५ मध्ये इथंच किसान सभेची परिषद भरली होती, हे किती जणांना ठाऊक?

ती भरवण्यात गोदावरी परुळेकर पुढे होत्या. जन्म १९०७ चा, पुण्याचा. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वाट धरली चळवळीची.

तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणू-उंबरगावात लग्नासाठी कर्ज काढलेला वारली जमीनदाराचा ‘लग्नगडी’ व्हायचा. बायकोही सोबत राबायची, तिच्या अब्रूलाही राखण नसायची. परिषदेला आलेल्या वारल्यांनी गाऱ्हाणं मांडलं. मग गोदूताई अन् पती शामराव थेट पाड्यांवर गेले. गावोगाव लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तरी वारली हटले नाहीत.

गोदूताई १९९६ साली गेल्या.