मॉरिस यंग

सर चार्ल्स मॉरिस यंग (९ डिसेंबर १८९९ – १७ मार्च १९८६) हे इंग्रज सागरी प्राणिशास्त्रज्ञ होते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९२८-२९ मध्ये गेलेल्या ब्रिटिश वैज्ञानिक मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले. कालवे, शिंपले आदी द्विपुटी मृदुकाय प्राणी हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय असला, तरी आज त्यांचे नाव अधिक घेतले जाते ते प्रवाळांच्या विरंजनासंदर्भात, म्हणजे जिवंत प्रवाळ रंग गमावून पांढरे पडतात त्या घटनेसंदर्भात. हे पांढरेपण उपासमारीने येते, अंधाराने येते की उष्णतेने, याचा प्रयोगाने शोध घेणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते.

पूर्वायुष्य

यंग यांचा जन्म यॉर्कशरमधील वेकफील्डजवळ झाला. त्यांचे वडील तेथील सिलकोट्स शाळेचे मुख्याध्यापक होते. एडिनबरो विद्यापीठात प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत काम केले. कालव अन्न कसे गाळून घेते, लाकूड पोखरणारा जहाजकिडा ते लाकूड कसे पचवतो, असे त्यांचे त्या काळातील विषय होते. प्राणी काय खातो आणि खाल्लेल्याचे पुढे काय होते, हा प्रश्न घेऊनच ते प्रवाळांकडे वळले. पुढील काळातील त्यांचे अचूक निष्कर्ष आणि त्यांची चूक, या दोहोंचे मूळ या दृष्टिकोनात सापडते.

लो आयल्स मोहीम

मोहिमेची सूत्रे हाती आली तेव्हा यंग तिशीच्या आत होते. जुलै १९२८ पासून सुमारे एक वर्ष हा चमू क्वीन्सलंडच्या किनाऱ्यापासून सुमारे १५ किलोमीटरवरील लो आयल्स या लहानशा बेटांवर राहिला. राहण्यासाठी आणि प्रयोगशाळेसाठी लाकडी झोपड्या उभारल्या होत्या. फ्रेडरिक रसेल, टी. ए. स्टीफन्सन, ए. पी. ऑर यांच्याबरोबर शीना मार्शल, सिडनी मँटन, एलिझाबेथ फ्रेझर या स्त्री-संशोधकही त्यात होत्या. त्या काळी दूरच्या मोहिमांवर स्त्रियांना सहसा नेत नसत, हे लक्षात घेता ही बाब नोंदण्याजोगी आहे. यंग यांच्या पत्नी मॅटी या मोहिमेच्या वैद्यकीय अधिकारी होत्या. त्यांनी प्रयोगांतही भाग घेतला आणि प्रवाळांच्या श्वसनावरील शोधनिबंधात सहलेखिका म्हणून त्यांचे नाव आहे.

त्यापूर्वीच्या बहुतेक प्रवाळ-अभ्यासकांनी नमुने गोळा करून मायदेशी नेले होते. यंग यांच्या चमूने मात्र वर्षभर एकाच जागी राहून जिवंत प्रवाळ रोज पाहिले.

पांढऱ्या प्रवाळांचे प्रयोग

प्रवाळ म्हणजे पॉलिप या लहान, पिशवीसारख्या प्राण्यांची वसाहत. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवाले राहतात. प्रवाळांचा तपकिरी रंग मुख्यतः त्यांच्यामुळे असतो. शैवाले गेली की पारदर्शक झालेल्या ऊतीतून चुन्याचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. (दागिन्यांतील तांबड्या पोवळ्याची गोष्ट वेगळी. त्याचा रंग सांगाड्यातच असतो आणि त्या प्राण्यात ही शैवाले नसतात.)

यंग आणि त्यांचे सहकारी ए. जी. निकोल्स यांनी प्रवाळांचे गट पाडले. काहींना उजेडात ठेवून खाद्य तोडले, काहींना अंधारात ठेवून खाद्य दिले, तर काहींना दोन्हींपासून वंचित ठेवले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही साधी शिस्त त्यांनी पाळली. अंधारातील प्रवाळांनी शैवाले बाहेर टाकली, परंतु प्राणिजन्य खाद्य मिळत राहिले तेव्हा त्यांच्या ऊती धडधाकट राहिल्या. उपाशी ठेवलेले प्रवाळ आक्रसले आणि उजेड असूनही शैवाले गमावू लागले. पाणी तापवले असताही शैवाले बाहेर पडत असल्याचे दिसले.

उष्णतेचा हा परिणाम त्यांना निसर्गातही पाहायला मिळाला. १९२९ च्या आरंभी, दक्षिण गोलार्धातील ऐन उन्हाळ्यात, ओहोटीच्या वेळी भित्तीवर साचलेले पाणी सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले. अनेक प्रवाळ मेले, तर काही केवळ फिकट होऊन जिवंत राहिले. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेलाच असतो असे नाही, ही आज पाठ्यपुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट अशा निरीक्षणांतून स्थिर झाली. प्रवाळांच्या शरीरक्रियेवरील हे निबंध १९३० पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने (निसर्गेतिहास) प्रसिद्ध केले.

वाद आणि मतांतर

ही शैवाले प्रवाळाच्या उपयोगी कशी पडतात, यावर त्या वेळी तीव्र मतभेद होते. डच प्राणिशास्त्रज्ञ हिलब्रँड बोश्मा यांच्या मते प्रवाळ ती पचवतात. यंग यांनी हे अमान्य केले. उपाशी प्रवाळात दिसणारे शैवालांचे पुंजके पचत नसून बाहेर टाकले जात आहेत, असे त्यांनी दाखवले. येथवर त्यांची बाजू भक्कम होती. त्यापुढे जाऊन त्यांनी असे प्रतिपादन केले की प्रवाळ हा पूर्णतः मांसाहारी प्राणी असून शैवालांकडून त्याला अन्न मिळत नाही. प्रवाळाची टाकाऊ द्रव्ये शोषून घेणे एवढेच त्यांचे मुख्य कार्य आहे. शैवालयुक्त प्रवाळ पाण्यातील फॉस्फरस शोषून घेतात, हे निरीक्षण त्यांच्या मताला अनुकूल होते.

हे मत पुढे टिकले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून किरणोत्सारी कार्बन वापरून लेनर्ड मस्कॅटीन, टॉमस गोरो आदींनी दाखवले की शैवाले प्रकाशसंश्लेषणात तयार झालेली द्रव्ये आपल्या आश्रयदात्या प्राण्याला देतात. उजेडात प्रवाळाचा सांगाडा वेगाने वाढतो, हेही गोरो यांनी सिद्ध केले. यंग यांच्या काळी असे साधन उपलब्ध नव्हते. शैवाले पचत नाहीत, म्हणून ती अन्न देत नाहीत, असा त्यांचा तर्क होता. न पचताही ती अन्न झिरपू देऊ शकतात, ही शक्यता त्यात सुटली.

वादाचा शेवट कटुतेत झाला नाही. यंग यांनी गोरो यांच्याबरोबर प्रवाळांवर काम केले. प्रवाळ स्वयंपोषी की परपोषी या प्रश्नावरील त्यांचा संयुक्त निबंध गोरो यांच्या निधनानंतर, १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवाळ शिकार करून खातात हा यंग यांचा मूळ आग्रहही निरर्थक ठरला नाही. प्रवाळांचे पोषण दोन्ही मार्गांनी होते, हे आता सर्वमान्य आहे.

नंतरचे कार्य

मोहिमेवरील त्यांचे पुस्तक १९३० मध्ये आले. ते १९३३ मध्ये ब्रिस्टल येथे आणि १९४४ ते १९६४ या काळात ग्लासगो येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. सामान्य वाचकांसाठी त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर लिहिलेला ग्रंथ (१९४९) विशेष वाचला गेला. १९४६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९६७ मध्ये त्यांना 'सर' हा किताब आणि १९६८ मध्ये डार्विन पदक मिळाले. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील एका भित्तीला यंग रीफ हे नाव आहे.

विरंजनाच्या निदानाशी संबंध

यंग यांच्या हयातीतच, १९८२-८३ च्या एल निनोमध्ये, पूर्व पॅसिफिकमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले. १९९८ मध्ये हे संकट जगभर पसरले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, म्हणजे १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातही विरंजनाची नोंद झाली आहे. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखादा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तरी विरंजनाला ते पुरेसे ठरते.

घरगुती प्रवाळ टाकीतही प्रश्न यंग यांचेच असतात, फक्त त्यांचा क्रम व्यवहाराने ठरतो. प्रथम पाहायचे ते पांढऱ्या भागावर ऊती आहे की नाही. पारदर्शक ऊती आणि फुलणारे पॉलिप दिसले तर ते विरंजन होय आणि प्रवाळ वाचू शकतो. ऊती सोलून गेली असेल आणि उघड्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत हिरवट शेवाळ धरू लागले, तर तो भाग मेलेला असतो. त्यानंतर पाण्याचे तापमान, क्षारता, नुकताच बदललेला दिवा आणि शेवटी खाद्य तपासतात. नव्या प्रखर दिव्याखाली विरंजन वरच्या, उजेडाकडील भागात आधी दिसते. अतिस्वच्छ, नायट्रेट-फॉस्फेटरहित पाण्यातही प्रवाळ फिके पडतात. सर्व उपाय एकदम केल्यास मूळ कारण कळत नाही.

अशा टाक्यांचे पाणी साधारणतः २५ ते २७ अंशांवर ठेवतात. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा शीतक यंत्राविना ते अशक्यप्राय ठरते, आणि वीज गेल्यावर पंखा आणि शीतक दोन्ही बंद पडतात. कठीण सांगाड्याचे प्रवाळ भारतात २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून ते समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे.