र. धों. कर्वे : न घाबरवता उत्तर देणारा माणूस

संततिनियमनाचे पुरस्कर्ते म्हणून रघुनाथ धोंडो कर्वे सर्वांना माहीत आहेत. समुपदेशन हा शब्द मराठीत रुळण्याआधी त्यांनी लैंगिकतेविषयी नेमके तेच काम केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या या मुलाचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवू लागले. ते डॉक्टर नव्हते. तरीही १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या प्रचारापायी १९२५ मध्ये प्राध्यापकी गेली. पत्नी मालतीबाईंची साथ होती, पण संसार ओढगस्तीचा झाला. तशातच जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे असत. घरी विचारता येत नाही आणि डॉक्टरसमोर जीभ रेटत नाही, असे प्रश्न लोक पत्राने पाठवत. हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षण हेही त्यांत असे. कर्वे पाप-पुण्याची भीती न घालता, शास्त्राला जेवढे ठाऊक होते तेवढे सांगत.

याच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. वाचक विचारत असतील तर उत्तर देणे गैर कसे, असा त्यांचा मुद्दा होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन त्यांनी मांडले, की समलिंगी ओढ जन्मजात असेल तर त्यात वाईट काही नाही. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. तरीही १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवले.

वैद्यकशास्त्राला तिथवर पोहोचायला वेळ लागला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. कल ‘बदलण्याचे’ उपचार हे डॉक्टरचे गैरवर्तन ठरते, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

संशोधनाचा निष्कर्षही सरळ आहे. कल बदलण्याच्या प्रयत्नांनी कल बदलत नाही. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार मात्र वाढतात. घरच्यांनी स्वीकारले तर हा धोका कमी होतो. म्हणून समुपदेशक आधी ऐकून घेतो, गुप्तता पाळतो, लग्न लावले की सुधारेल असा सल्ला देत नाही, आणि घरी कधी व कोणाला सांगायचे हे ठरवणे त्या व्यक्तीवर सोडतो.

बारामतीजवळच्या काटेवाडीसारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथल्या मुलाला किंवा मुलीला हा प्रश्न विचारणे आजही सोपे नाही. आता पत्राची वाट पाहावी लागत नाही; टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. पलीकडून मिळणारे उत्तर मात्र कर्व्यांसारखेच हवे : खरे, आणि न घाबरवणारे.