नाइटिंगेल यांची घंटी आणि ‘ऑन-कॉल’ रात्र

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, उरेल त्यावर पिके ठरतात. नियम सर्वांना ठाऊक असल्याने प्रत्येक अडचणीला एकाच माणसाला धावावे लागत नाही. रुग्णालयातही असेच व्हावे, हा विचार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी मांडला होता. स्वतःच्या बाबतीत मात्र त्यांना तो पाळता आला नाही.

१२ मे १८२० रोजी एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. परिचारिकेचे काम तेव्हा हलके समजले जाई, त्यामुळे घरून कडाडून विरोध झाला. तरीही १८५१ मध्ये जर्मनीतील कैसरवेर्थ येथे त्यांनी शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील महिलांच्या छोट्या रुग्णालयाच्या त्या प्रमुख झाल्या. पगार त्या घेत नसत. खर्चासाठी वडील पैसे देत.

तिथे त्यांनी आधी इमारतीकडे लक्ष दिले. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर चढवायला यांत्रिक पाळणा असावा, असा आग्रह धरला. रुग्णाची घंटी त्याच मजल्यावरील परिचारिकेच्या दारापाशी वाजावी आणि कोणी बोलावले हे दाखवणारी झडप उघडीच राहावी, हीही त्यांची मागणी होती. परिचारिकेची शक्ती जिने चढण्या-उतरण्यात संपू नये, हा त्यामागचा हिशेब. आजच्या नर्सिंग कॉल यंत्रणेचे हे पूर्वरूपच.

नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिका घेऊन त्या क्रिमियन युद्धातील जखमींसाठी स्कुटारीला पोहोचल्या. रात्री आठनंतर इतर परिचारिकांना वॉर्डात राहू न देता त्या स्वतः दिवा घेऊन फेरी मारत. दिवसा पुरवठा, हिशेब, पत्रव्यवहार. मे १८५५ मध्ये बालाक्लाव्हा येथे त्या तापाने मरणाच्या दारात गेल्या. बऱ्या होताच पुन्हा कामाला लागल्या आणि युद्ध संपल्यावरच, ऑगस्ट १८५६ मध्ये, मायदेशी परतल्या. १८५७ पासून दुखणे मागे लागले. पुढची अनेक वर्षे त्यांनी बहुतांश काम अंथरुणावरून केले. तो आजार ब्रुसेलोसिस असावा, असे काही अभ्यासक मानतात.

१८५९ मधील परिचर्येवरील पुस्तकात त्यांनी एक प्रकरण व्यवस्थापनाला दिले. प्रमुखाचे कौशल्य सर्व काही स्वतः करण्यात नाही. आपण नसतानाही तेच काम तसेच होईल, अशी घडी बसवण्यात आहे, हा त्याचा गाभा. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या निधीतून शाळा सुरू झाली. तिथे प्रत्येक विद्यार्थिनीला झोपायला स्वतंत्र खोली होती. पुढे ठिकठिकाणी प्रमुख झालेल्या विद्यार्थिनींना त्या पत्रे लिहीत, खाऊ पाठवत, विश्रांतीचा आग्रह करत. भारतात त्या कधी आल्या नाहीत; पण इथल्या खेड्यांच्या स्वच्छतेसाठी आणि पाण्यासाठी अनेक वर्षे लिहीत राहिल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज महाराष्ट्रातील रुग्णालयात परिसेविका किंवा अधिसेविका घरी पोहोचते, तरी फोन वाजतच राहतो. कोणी रजेवर गेले, ऑक्सिजनचा प्रश्न आला, खाट रिकामी नाही. ठरलेल्या पगारात या रात्री मोजल्या जात नाहीत. जागरणाने लक्ष उडते, चुका वाढतात. त्याची झळ रुग्णालाही बसते. उपायही नाइटिंगेल यांच्या विचारातच आहे. कोणत्या कारणासाठी फोन करायचा आणि कोणता निर्णय ड्यूटीवरील सिस्टरने घ्यायचा, हे लेखी असावे. ऑन-कॉलची पाळी दोघी-तिघींत वाटलेली असावी. रात्री बोलावणे आल्यास दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा असावी.

नाइटिंगेल यांच्या हातातला दिवा सगळ्यांच्या लक्षात राहिला. दारापाशी वाजणारी घंटी मात्र विसरली गेली, आणि परिचारिकांना आज खरी गरज तिचीच आहे.